बस

बाबांच्या गळ्यावरचं यंत्र परत करताना सुनीतीने त्यांच्या शेवटच्या भेटीतला मूळ आवाज मागितला.

"ताई, त्यात नुसतं अडखळणं आहे," यंत्र देणाऱ्या केंद्रातले लोहकरे म्हणाले. "यंत्र ते तुटके शब्द जुळवून नीट वाक्य बोलतं."

"माहीत आहे. लावा."

त्या दिवशी यंत्र म्हणालं होतं, "पुरे झालं, नीघ आता." ती लगेच निघाली होती. दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

लोहकऱ्यांनी मूळ आवाज लावला.

"बस... आपलं हे... बस."

त्यामागून यंत्राने गोंगाट म्हणून गाळलेला थपथप आवाज आला. बाबा पलंगावर, शेजारच्या मोकळ्या जागेवर हळूच थोपटत होते.

"एवढंच आहे. बंद करू?"

"पुन्हा लावा," सुनीती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.