किन्नौरचं सफरचंद

"कुठलं आणलंस?" बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

"किन्नौरचं, कडक. आणि बाळासाठी गोल्डन."

"ते भुसभुशीत त्यालाच भरव, मृदे."

बाबांच्या नाकात नळी होती. तोंडानं गिळणं आता कधीच जमणार नाही, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं. तरी सकाळी त्यांनी सफरचंद मागितलं, म्हणून नुसतं हातात द्यायला मी आणलं होतं.

त्यांनी ते हुंगलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि मलाच परत दिलं. "चिरू नकोस. इथं माझ्या कानाशी बसून खा."

मी चावा घेतला. करकरीत आवाज झाला तसे बाबा हसले. मी रडत रडत चावत राहिले आणि त्यांचा रिकामा जबडा माझ्याबरोबर हलत राहिला.

"सावकाश खा गं," ते म्हणाले. "संपेल."