एकेक आकडा

“ड्रम मागे पडतोय. हा शेवटचा टेक, नाहीतर मशीनचाच ठेका लावू!” काचेपलीकडून संगीतकार खेकसला. सिंथेसायझरवरच्या पुतणीने ड्रमवाल्या काकांकडे पाहिलं. आजारपणानंतर काकांचा हात जड झाला होता. सिंथचा इको, म्हणजे सुरांचा प्रतिध्वनी, यंत्रात ठरवलेल्या लयीला बांधलेला. त्याच्यापुढे काकांचा मागे पडलेला प्रत्येक ठोका उघडा पडत होता. तिने सिंथवरची लय चार आकडे उतरवली. पण गाण्यात मध्येच सिंथचा आवाज बदलायचा होता; सेव्ह न करता तो बदलला, की नवी लय उडणार. पडद्यावर प्रश्न आला: जुनं पुसायचं? जुनं म्हणजे बाबांनी स्वतः लावलेली लय. ते गेल्यापासून तिला कुणी बोटही लावलं नव्हतं. काकांनी काठ्या उचलल्या. तिने डोळे मिटून बटण दाबलं. गाणं संपलं. “आत्ता कसं!” संगीतकार खुलला. काका तिच्या कानाशी वाकले. “किती उतरवलीस?” तिने पडद्यावरचा आकडा हाताने झाकला. “तुझा बाप दरवर्षी एकेक आकडा उतरवायचा. मला कळत नाही, असं त्यालाही वाटायचं.”