‘व्हेरी’ की ‘डीपली’?

हॉस्पिटलच्या फोनवर बसणाऱ्या मुलींना मी इंग्रजी शिकवते. "उशीर झाला की 'व्हेरी सॉरी'. 'डीपली सॉरी' फक्त माणूस दगावला तरच," हे मी त्यांच्याकडून अगदी घोटून घेतलंय. तरी त्यातली एक ठोंबी रोज नेमकं उलट बोलून माझं डोकं फिरवायची.

आज ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. साधंच, म्हणून मी खालच्या मजल्यावर वर्ग घेत होते. तेवढ्यात फोन वाजला. तीच!

"मॅडम, आय अ‍ॅम डीपली सॉरी, सरांचं ऑपरेशन..."

"अगं, लांबलं असेल तर 'व्हेरी' म्हण! किती वेळा सांगायचं तुला?"



पलीकडे ती रडायलाच लागली. "मॅडम, आज नाही चुकलं माझं."