पाच विरुद्ध पाच

पडद्याआड दाईने मताचा शिक्का उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. चाळीस वर्षांत गावातली निम्मी पोरं याच हातावर जन्मली होती, पण तो असा कधी अडला नव्हता.

पडद्याबाहेर तिचा भाऊ खाकरला. खाकरणं कसलं, दमच तो. पंचायतीत वरच्या आळीचे पाच, दाई आणि तिचा भाऊ धरून, आणि खालच्या आळीचे पाच. बोली वेगळी, देव वेगळे, हट्ट तेवढा एका मापाचा. सरकार तयार खोल्यांचा दवाखाना द्यायला निघालं होतं, डॉक्टरीणबाईंसकट. आठ दिवसांत उभा राहिला असता. जागा तेवढी गावाने ठरवायची. मधोमध बांधावा तर तिथे नाला. दोनदा मतं पडली, दोनदा पाच-पाच. आजही बरोबरी झाली तर दवाखाना दुसऱ्या गावाला जाणार होता. तरी भावाने सकाळीच बजावलं होतं, "जो फुटेल, तो आपला नाही." खालच्या आळीच्या पाचांतला न्हावीही काही कमी नव्हता. दवाखाना वर गेला तर मिशी उतरवीन, असं तो भर चौकात बोलून बसला होता.

दाईच्या डोळ्यांपुढे सून आली. नववा लागला होता आणि बाळ आडवं होतं. काल पोटाला हात लावताच तिला ते कळलं होतं. अशाच आडव्या बाळापायी तिची लेक शहराच्या वाटेवर, ट्रकमध्येच गेली होती. दाईला तिच्यासाठी काही करता आलं नव्हतं.

भावाला कळलं तर माहेर तुटणार होतं. तुटू दे.

"जळो ती आळी," ती पुटपुटली आणि तिने खालच्या आळीवर शिक्का मारला.

मतं घ्यायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याने चिठ्ठ्या मोजल्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

"पाच-पाच," तो म्हणाला आणि कागद पिशवीत भरू लागला.

दाई मटकन पायरीवर बसली. असं कसं होईल? दोन्ही आळ्या एकमेकींच्या नावाने बोटं मोडत घरी गेल्या. न्हावी तेवढा मागे राहिला. गेल्या वर्षी त्याचा नातू तापाने त्याच्या मांडीवरच गेला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जवळ आला आणि तिच्या बोलीत, अडखळत म्हणाला,

"दाईबाई, मी तर तुमच्या आळीला मत दिलं होतं. मग तुमच्यातलं फुटलं कोण?"