ओहोटीचा मुहूर्त

मुहूर्त जवळ आला आणि नवरदेव जयवंताची होडी बेटापासून हाकेच्या अंतरावर ओहोटीच्या चिखलात रुतली.

"मंगलाष्टका भोंग्यावरून म्हणतो," बेटावरचे भटजी म्हणाले. "अक्षता तेवढ्या वाऱ्यावर सोडा."

"आणि हार कोण घालणार? बगळा?" धक्क्यावर उभ्या नवरीने, हेमांगीने विचारलं.

तिने शालू खोचला आणि ती सरळ चिखलात उतरली. वडील ओरडत राहिले. कमरेपर्यंत बरबटून तिने होडी गाठली आणि जयवंताला हार घातला. तिला वर घ्यायला तो वाकला आणि स्वतःच खाली कोसळला.

"शुभमंगल सावधान!" भोंगा गरजला.

धक्क्यावर पंगत बसली. होडीतलं वऱ्हाड भुकेने बोंबलू लागलं. चिखलात हातात हात घालून उभ्या त्या दोघांना मात्र भरती उशिरा यावी असंच वाटत होतं.