पहिला संदर्भ

शिरसाट सर पेढ्यांचा बॉक्स घेऊनच प्रयोगशाळेत शिरले. भातावरच्या नव्या बुरशीवरचा हेमांगीचा शोधनिबंध सकाळीच प्रसिद्ध झाला होता आणि पुढे प्रसिद्ध होणारे लेख आधीच दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने त्याचं भविष्यही सांगितलं होतं. वर्षभरात हजारो शास्त्रज्ञ आपल्या लेखांत त्याचा संदर्भ देणार होते.

"अगं, आमचा जन्म गेला तरी एवढे संदर्भ मिळाले नाहीत!"

हेमांगीने पेढा नुसता हातात धरला. "सर, यात शेतीवाला एकही नाही. सगळे छातीचे डॉक्टर आहेत."

"ही बुरशी माणसांना कुठे होते?"

"आजवर तरी नाही."

तिने सगळ्यांत पहिला, पुढच्या महिन्यात येणारा लेख उघडला. यंत्र फक्त सारांश दाखवायचं. पहिला रुग्ण पुरुष, भात संशोधक. बुरशीचे नमुने त्यानेच शेतातून गोळा केले होते. शवविच्छेदनात दोन्ही फुप्फुसं त्याच बुरशीने भरलेली आढळली.

"काय लिहिलंय?" सरांनी खाकरून विचारलं. "नमुने आणायला शेतावर गेलो होतो ना, तेव्हापासून घसा जरा धरलाय. चष्माही आणला नाही. तूच वाच मोठ्याने."