राहिलेली क्रेन

कौमुदी गेल्याचा फोन आला तेव्हा सिडनीत लॉकडाऊन होता. कौमुदी माझी बायको; ती जपानमधल्या एका छोट्या बंदरावर, पोलादाच्या कारखान्याला लागून असलेल्या धक्क्यावर क्रेन तपासायची. दरवर्षी महिनाभर जायची. या वेळी विमानं बंद झाली, ती तिथेच अडकली आणि कोविडने गेली.

त्या बंदरावर एक रीत आहे. वस्तू तपासली की तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने 'योशी' म्हणायचं, म्हणजे 'ठीक आहे'. ही सवय तिने सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या आमच्या घरीही आणली होती. शेगडी, कडी, इस्त्री, सगळ्यांना योशी. मी चिडवायचो, "अगं, शेगडी काय पळून जाणार आहे?"

फोनवर तिचे मुकादम सातो होते. तुटक इंग्रजीत म्हणाले, "मॅडमची एक क्रेन तपासायची राहिली होती. ती आज तपासली."

"कोणी?"

"सगळ्यांनी. आम्ही साठ जण धक्क्यावर उभे राहिलो. वर बोट दाखवून तिच्या नावाने योशी म्हणालो. मगच क्रेन चालू केली."

फोन स्पीकरवर होता. मुलगी मयूरा रडता रडता म्हणाली, "बाबा, मम्मी तिथे बॉस होती ना?"

"होतीच," मी म्हणालो.

तिचं एकही काम राहिलेलं नाही. तिच्या अस्थी अजून त्या बंदरावर आहेत. त्या घरी आणायचं माझं काम राहिलं आहे.